एका कॉम्प्युटरची रीतसर वाटणी

"आहे की!" हे दोन शब्द माझ्या जिभेवर कायम तयार असतात. कोणी विचारावं, "तुमच्याकडे लांब शिडी आहे का हो?" की मी म्हणते, "आहे की!" आणि मग शिडी शोधायला बाहेर पडते. या सवयीने मला आजवर पुष्कळ काही शिकवलं. शिवणयंत्र दुरुस्त करणं, नळाचा वायसर बदलणं, पडद्याचा दांडा भिंतीत ठोकणं. सगळं मी आधी "येतं की" म्हटलं आणि नंतर शिकले. त्यामुळे सोमवारी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी जेव्हा विचारलं, की बालविभागातल्या पुस्तकांची सूची घरी बसून करून द्याल का, पण सूचीचं सॉफ्टवेअर फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, ती आहे ना तुमच्या कॉम्प्युटरवर, तेव्हा मी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली कर्ती बाई. ती उठल्याशिवाय तिथे काडी हलत नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्ये जी होती ती जुनी, जाणती, उठायला वेळ लावणारी, पण घर सांभाळून होती. तिला काढून नवी आणणं शक्यच नव्हतं. कारण यांचं शब्दकोडं.

आमचे हे गेली चौदा वर्षं एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं रचतात. दर गुरुवारी दुपारी बाराच्या आत कोडं पोचतं आणि रविवारी छापून येतं. सातशे एकतीस कोडी झाली, एकदाही खाडा नाही. लग्नाचा वाढदिवस विसरला, दाढेचं ऑपरेशन झालं, घराचं छत गळलं, पण गुरुवार चुकला नाही. ही कोडी ज्या प्रोग्रॅमवर होतात तो यांच्या एका मित्राने यांच्यासाठी बनवून दिला. मित्र आता नाही. प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चालतो. तो चौकोन आखतो, आकडे घालतो आणि हा शब्द वर्षभरात येऊन गेला का तेही सांगतो, कारण एकच शब्द वर्षात दोनदा आला तर वाचक पत्रं लिहितात. आमच्या देशात सरकारला जितकी पत्रं जात नाहीत तितकी शब्दकोड्याला येतात.

तर जुनी हवीच आणि नवीही हवी. मी चार दिवस आधीच वाचलं होतं, की एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन्ही सिस्टिम नांदू शकतात. सुरू करताना तो विचारतो, आज कोण?

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"एका स्वयंपाकघरात दोन बायका बावीस वर्षं राहिल्यात," मी म्हटलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "हो, पण ओटा कोणाचा ते आधी ठरलं होतं."

इथे सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. वय ब्याऐंशी, कान तिखट, नजर त्याहून तिखट. दर रविवारी मुलाचं शब्दकोडं त्या शाईच्या पेनाने सोडवतात. त्या अंकाला घरात कोणी हात लावायचा नाही. मी एकदा नुसतं "आडवे चार 'पाचोळा' असेल का?" म्हटलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलत होत्या.

मंगळवारी सकाळी मी कामाला लागले. पहिली पायरी, जे मोलाचं आहे त्याची प्रत काढून ठेवणं. यांच्या कोड्यांचं फोल्डर स्क्रीनवर समोरच होतं, त्याच्या चित्रावर एक छोटासा बाण. मी ते उचललं आणि पेनड्राइव्हवर ठेवलं. सातशे एकतीस कोडी आणि गुरुवारसाठी तयार असलेलं सातशे बत्तिसावं, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉपी झालं. मला आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा अभिमान वाटला. म्हातारा आहे, पण काय चपळ!

तो बाण लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

दुसरी पायरी, नव्या सिस्टिमला जागा देणं. त्यासाठीची खास पेनड्राइव्ह मी वाचनालयातून आणली होती. ती लावली आणि स्क्रीनवर एक आडवी पट्टी आली. पट्टीचे दोन भाग, एक हिरवा, एक पिवळा, अगदी सारखे. कॉम्प्युटर ज्या दुकानातून आणला त्याने डिस्कचे आधीच दोन भाग करून दिलेले होते. नावं मात्र नव्हती. पहिला आणि दुसरा, इतकंच. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, फक्त किती भरलंय ते दिसत होतं. पहिला बराचसा भरलेला. दुसरा जवळजवळ मोकळा.

शहाण्या बाईने इथे थांबून चौकशी केली असती. पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रजिस्ट्रारसाहेब खाली आले. साहेब दस्त नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेत, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"वाटणी चाललीय?" पट्टीकडे पाहून त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकले. "कोणामध्ये?"

"माझ्यात आणि यांच्यात."

"कागद केलाय?"

"कॉम्प्युटरची वाटणी आहे हो, साहेब."

"बाई, मी एका विहिरीच्या वाटणीचा दस्त केलाय. त्यात पाणी कोणाचं आणि प्रतिध्वनी कोणाचा हेसुद्धा लिहिलं होतं. कागद हवाच."

एवढ्यात सासूबाई आल्या. वाटणी हा त्यांचा विषय. बारा वर्षांपूर्वी दीर शेजारच्या दारात वेगळे राहायला लागले, तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून नियम घातला होता, एकाने वाटायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. म्हणजे वाटणारा चोख वाटतो. तेव्हा घर वाटलं होतं यांनी, मन लावून, आणि दिरांनी पहिल्या झटक्यात गॅलरीची बाजू उचलली. आमच्याकडे जिन्याची बाजू आली. हे आजही उन्हाळ्यात घाम पुसताना भिंतीकडे बघतात. गॅलरी नव्हे, आधी उचलायचा हक्क आठवत असतात.

"सूनबाई, तू वाटलंस ना?" सासूबाई म्हणाल्या.

"तसं दुकानदाराने वाटलंय..."

"म्हणजे तूच. मग आता उचलायचं यानं. तुझं नवं, त्याचं जुनं. कोणाला कुठला भाग हवा ते आधी तो सांगेल."

बारा वर्षं दबून राहिलेला तो हक्क यांच्या चेहऱ्यावर उगवला. हे चष्मा पुसून स्क्रीनसमोर बसले. पहिला भाग बघितला, दुसरा बघितला. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. घर बघायला आलेला माणूस असाच खिडक्या उघडून बघतो.

"पहिला फार भरलेला वाटतो," हे म्हणाले. "कोंदट. दुसरा मोकळा आहे. हवेशीर."

"बघा हं," मी म्हटलं, "नंतर तक्रार नको."

"दुसरा. ठरलं."

रजिस्ट्रारसाहेबांनी कागद केला. 'मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, डिस्कचा दुसरा (पिवळा) भाग निवडत असून पहिल्या (हिरव्या) भागावर माझा व माझ्या शब्दकोड्यांचा कोणताही हक्क राहणार नाही.' यांनी सही केली. सासूबाई साक्षीदार. दुसरे साक्षीदार रजिस्ट्रारसाहेब स्वतः, आणि त्यांनी सहीखाली हुद्दाही लिहिला.

मग मी नव्या सिस्टिमला पहिला भाग दिला. कॉम्प्युटरने विचारलं, 'या भागातील सर्व काही पुसले जाईल. नक्की ना?' मला मनापासून सांगावंसं वाटतं, की आयुष्यात इतक्या अदबीने मला कोणी "नक्की ना?" विचारलेलं नाही. भाजी संपली तरी कोणी विचारत नाही. मी 'नक्की' वर बोट ठेवलं.

नवी सिस्टिम छान बसली. निळी, टवटवीत, चटकन उठणारी. मी सगळ्यांना चहा दिला. मग हे खुर्ची ओढून म्हणाले, "आता माझी चालू कर."

मी पिवळा भाग उघडला. आत यांच्या वाटणीला आलेली मालमत्ता अशी होती: गळक्या छताचे नऊ फोटो आणि पंख्याच्या हमीपत्राची एक प्रत.

रजिस्ट्रारसाहेबांनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "दस्त पक्का आहे." आणि वर निघून गेले.

"कोडी पेनड्राइव्हवर आहेत!" मी म्हटलं, आणि खरोखरच निर्धास्तपणे म्हटलं. पेनड्राइव्ह लावली. फोल्डरवर टिचकी मारली. 'ज्या ठिकाणी नेण्यास सांगितले आहे ते ठिकाण सापडत नाही.' तेव्हा मला त्या बाणाचा अर्थ कळला. मी फोल्डर नाही, फोल्डरकडे नेणारी पाटी कॉपी केली होती. गाव गेलं आणि माझ्या हातात 'गावाकडे' असा बाण राहिला.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. हे नुसतं म्हणाले, "गुरुवार परवाच आहे," आणि उठून जिन्याच्या बाजूच्या खोलीत जाऊन बसले.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. चौदा वर्षांत हा माणूस कशात पहिला आला नाही, कुठे हार घालून घेतला नाही. एक गुरुवार तेवढा याचा होता. आणि तो मी पुसला. 'नक्की ना?' विचारल्यावरही पुसला.

पण हातपाय गाळणं माझ्या स्वभावात नाही. बुधवारी सकाळी दुरुस्तीवाला बोलावला. तो आल्याआल्या म्हणाला, "आधी कोणी हात लावला होता?" शिंपी, दाताचे डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाले यांचं हे पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"मी," म्हणत मी बाणापासून वाटणीपत्रापर्यंत सगळं सांगितलं.

"ताई, पाटीची कॉपी? पाटीची?" त्याने मान हलवली. "मला या धंद्यात बारा वर्षं झाली. फोल्डर चुकून पुसणारे बघितले. वाटणीपत्र करून पुसणारे तुम्ही पहिले."

कोडी परत मिळण्यासारखी नव्हती, नवी सिस्टिम त्यांच्यावर ऐसपैस बसली होती. जुनी सिस्टिम मोकळ्या भागात पुन्हा घालता आली असती आणि मित्राच्या प्रोग्रॅमची सीडी शिवणयंत्राच्या खणात होती. फक्त जुनीचा परवाना क्रमांक हवा होता. तो कॉम्प्युटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो.

"कुठे गेला?" दुरुस्तीवाल्याने पाठ चाचपत विचारलं.

कुठे गेला ते मला माहीत होतं. मागच्या साफसफाईत तो मळका कागद मी ओल्या फडक्याने खसाखसा घासून काढला होता. तेव्हाही मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मग कंपनीला फोन. सतरा मिनिटं संगीत. त्यानंतर एका गोड आवाजाने सांगितलं, की परवाना ज्येष्ठ नागरिक योजनेत घेतलेला असल्याने खरेदीदाराशीच बोलावं लागेल. खरेदीदार सासूबाई. मी त्यांच्या हातात फोन दिला.

"सुरक्षेसाठी एक प्रश्न," आवाज म्हणाला. "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?"

"आमच्याकडे प्राणी पाळत नसत," सासूबाई म्हणाल्या. "माणसंच इतकी होती."

"तरीही मॅडम, काहीतरी नोंदवलेलं आहे."

"मग वाचा की. तुमच्याकडेच आहे ना?"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

"तुम्हाला माहीत आहे, आम्हाला माहीत नाही, आणि विचारताय आम्हाला?" सासूबाईंनी फोन माझ्याकडे दिला. "याला आधी कोणीतरी नीट शिकवा."

शेवटी लेखी अर्ज, वयाचा दाखला आणि सात कामकाजाचे दिवस, असं ठरलं. गुरुवार उद्यावर होता.

यांनी साप्ताहिकात फोन केला, की या वेळी कोडं कागदावर हाताने आखून पाठवलं तर? उपसंपादक म्हणाले, "छे छे. फाइलच हवी. नियम आहे. आणि बाराला आलं नाही तर काळजी करू नका, त्या जागी आमच्याकडे एक जाहिरात तयार आहे."

"कसली?"

"केसगळतीच्या तेलाची."

फोन ठेवून हे कपाळावरून हात मागे नेत राहिले. तो हात मागे जाताना कुठेच अडत नाही, ही गोष्ट घरात कोणी काढत नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी जेवणाच्या टेबलावर चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं. "बसा," मी यांना म्हटलं. "तुम्ही सांगा, मी नव्यावर चौकोन आखते."

"तुला आखता येतो?"

"येतो की!"

आठ ते साडेआठ मी तो आखायला शिकले. नव्यात तक्ते करायची सोय होती. पंधरा उभे, पंधरा आडवे, काही घरं काळी. मराठीही त्यात सरळ उमटत होती, जुन्यासारखे जोडाक्षरांचे तुकडे करावे लागत नव्हते. यांना पुसल्या गेलेल्या कोड्यातलं निम्मं आठवत होतं. उरलेलं हे पेन्सिलीने रचत गेले. साडेनवाला घोडं अडलं.

"'मोरपीस' घालू का? वर्षभरात येऊन गेलाय की नाही, कोण सांगणार? ते प्रोग्रॅम सांगायचा."

"येऊन गेलाय," आतून सासूबाई म्हणाल्या. "सहाशे अठ्ठ्याण्णवमध्ये. उभे तीन."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आणि 'गलबत'?" यांनी हळूच विचारलं.

"सातशे चारमध्ये. आणि त्यात तू 'वल्ह्यांनी चालणारी होडी' म्हटलं होतंस. गलबत शिडावर चालतं. मी बोलले नाही."

सासूबाई बाहेर आल्या त्या हातात सहा जाडजूड वह्या घेऊन. चौदा वर्षांचं प्रत्येक कोडं कापून, चिकटवून, शाईने सोडवलेलं. सातशे एकतीसच्या सातशे एकतीस. आणि शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी: 'चुका'. एकूण अडतीस.

"आई, या तुम्ही कधी सांगितल्या नाहीत?" मी विचारलं.

"रचणाऱ्याचा हिरमोड होतो," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "हं, पुढचा शब्द."

मग जे सुरू झालं त्याला मी खरी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते. हे शब्द टाकत होते, सासूबाई पास-नापास करत होत्या, मी चौकोनात बसवत होते. रजिस्ट्रारसाहेब दहाला डोकावले, पण सासूबाईंनी त्यांना एका बोटाने परत पाठवलं. पावणेबाराला सगळा चौकोन भरला, फक्त उभे नऊ राहिलं. तीन घरं.

"'वाटणी' बसेल," मी म्हटलं.

"नको," हे आणि सासूबाई एकदम म्हणाले.

बारा वाजायला बारा मिनिटं होती. यांनी माझ्याकडे पाहिलं. यांच्या पेन्सिलीला टोक काढून काढून माझ्या बोटांना काळं लागलं होतं, नाकालाही लागलं असावं. मग यांनी खाली बघून वहीत संकेत लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली. 'स्वस्थ न बसणारी. हे कौतुकाने म्हणतात किंवा वैतागाने.' खाली उत्तर होतं, 'उद्योगी'.

मी सासूबाईंना विचारलं, "हा आधी येऊन गेलाय का?"

त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "चौदा वर्षांत एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "यायला हवा होता."

बाराला सहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. उपसंपादकांचं एका ओळीत उत्तर आलं, 'मिळालं. या वेळी मांडणी फार सुबक.' हे ते वाचून पुन्हा दुखावले. "म्हणजे इतकी वर्षं काय होती?" पण ते दुखावणं साधं, रोजच्यातलं होतं. जेवणापर्यंत गेलं.

परवाना दहाव्या दिवशी आला. दुरुस्तीवाल्याने जुनी सिस्टिम दस्ताप्रमाणे पिवळ्या भागात घातली, कोणीही काहीही उचललं नाही, आणि आता आमचा कॉम्प्युटर सुरू होताना दहा सेकंद विचारतो, आज कोण? बालविभागाची सूची अर्धी झाली आहे. ग्रंथपालबाईंनी परवा विचारलं, की मोठ्यांच्या विभागाच्या कॉम्प्युटरवरही अशाच दोन सिस्टिम घालता येतील का. मी एक दिवस विचार करून सांगते म्हटलं. माझ्या ओळखीच्या कोणालाही हे खरं वाटत नाही.

पण मधला रविवार सांगायचा राहिला. साप्ताहिक आलं, सासूबाईंनी नेहमीप्रमाणे चष्मा लावला, शाईचं पेन काढलं आणि खिडकीशी बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. तासाभराने त्यांनी हाक मारली. बघते तर कोडं सगळं सोडवलेलं, अक्षर न अक्षर जागेवर, आणि मध्ये उभे नऊची तीन घरं कोरी.

"अडलं का कुठे, आई?"

"मला?" त्या म्हणाल्या, आणि अंक माझ्यापुढे सरकवून त्यावर आपलं पेन ठेवलं. "तेवढं तू भर."

मी ओले हात पदराला पुसले, आणि कोणी 'नक्की ना?' विचारायच्या आत ती तीन घरं भरून टाकली.